ओळख कोणीं कोणास पटवावी?

बँकेस फोन करणाऱ्या सद्गृहस्थास प्रथम परीक्षेस बसावें लागतें. जन्मतारीख, कार्डाचे शेवटचे चार अंक, आईचें माहेरचें आडनांव! कमी ऐकूं येणाऱ्या मातोश्रींच्या वतीनें मुलगा बोलूं लागला, तर 'खातेदारासच बोलूं द्या' असें उत्तर मिळतें. हा जाच खरा. परंतु तो ठेवीच्या रक्षणासाठींच आहे, हें आम्हांस मान्य आहे.

आमचा आक्षेप निराळा आहे. बँकेच्या नांवानें आपणांसच फोन आला, तर बोलणाऱ्याची परीक्षा कोणीं घ्यावयाची? विचारतांच उत्तर देण्याची संवय आपणांस बँकेनेंच लाविली, आणि ठक नेमका तिचाच लाभ घेतो. व्यवहार व सेवेसंबंधींचे फोन १६०० नें आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावे, असें रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०२५ मध्यें बँकांस फर्माविलें, हें योग्यच झालें. तथापि घरांतील वडीलधाऱ्यांस व सुनामुलींस आमचें सांगणें असें, कीं आलेल्या फोनवर ओटीपी कोणासहि सांगूं नये; फोन ठेवावा, आणि कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन चौकशी करावी. फसगत झालीच, तर लाज न बाळगतां १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. विलंबानें पैसा हातचा जातो.