म्हसळ्याहून जंजिऱ्यास: वसंतांतील एक कौटुंबिक सहल

स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम ही चौदा बेटांवर वसलेली आहे. तेथील दीर्घ हिंवाळा सरत आला, म्हणजे एप्रिलच्या अखेरच्या रात्रीं लोक वसंताच्या स्वागतार्थ आपल्या होळीसारखे मोठे जाळ पेटवितात, चेरीचीं झाडें फुललेलीं पाहावयास मुलांबाळांसह बाहेर पडतात. त्या शहरीं जाणारीं कुटुंबें एक जुनें जहाज सहसा चुकवीत नाहींत. ‘वासा’ नांवाचें हें राजाचें लढाऊ जहाज १६२८ सालीं पहिल्याच सफरीस निघालें आणि कांठावरील लोकांच्या डोळ्यांदेखत बंदरांतच बुडालें. १९६१ सालीं तें वर काढण्यांत आलें. १९९० पासून त्याच्याकरितां स्वतंत्र संग्रहालय आहे. आपल्या राजाची ती फजिती त्या राष्ट्रानें झांकून ठेवली नाहीं. उलट ती जपून ठेवून नातवंडांना दाखविली. कोठें चूक झाली हें मुलांना कळावें, यांत त्यांना कमीपणा वाटत नाहीं.

हें स्मरण्याचें कारण असें कीं, आपल्या म्हसळ्याच्या लोकांनाही समुद्रांतील एक राजधानी लाभलेली होती. म्हसळें, श्रीवर्धन आणि मुरुड हे जंजिरा संस्थानाचे कोंकणांतील तीन महाल. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत आपल्या वाडवडिलांनीं सारा भरला तो नबाबाच्या खजिन्यांत. या मुलखाला हबसाण असें नांवच होतें. उन्हाळ्याच्या सुटीस मुंबई-पुण्याहून आणि आतां परदेशांतूनही मुलें घरीं येतात. मंडळी श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर करून परततात. जंजिरा पुष्कळांच्या यादींत नसतो. असला तर घटकाभर तट पाहून, ‘अजिंक्य किल्ला’ एवढे दोन शब्द उच्चारून सर्व जण मागें फिरतात.

सहलीस चैत्राचा आरंभ उत्तम. पावसाळ्यांत किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि वैशाखांत दगड तापतात. म्हसळ्याहून दिघीपर्यंतच्या वाटेवर या दिवसांत काजू व आंबा यांचा बहर सरून फळें धरलेलीं असतात. कुसुंबाची कोंवळी पालवी इतकी तांबडी असते कीं, लांबून झाड फुललें आहे असाच भास व्हावा. दिघीस गाडी मोठ्या फेरीबोटींत चढते आणि राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांड्यास उतरते. हीच खाडी आंत म्हसळ्याकडे शिरली आहे, आणि तिच्या मुखाशीं जंजिरा उभा आहे. हें एकदां मुलांच्या ध्यानांत आलें, म्हणजे आपला गांव व ती राजधानी यांचा संबंध निराळा समजावून सांगावा लागत नाहीं.

राजपुरीच्या धक्क्यावरून होडी निघाली कीं मुलांना दरवाजा शोधावयास सांगावें. तो दोन बुरुजांच्या कुशींत असा दडविला आहे कीं, अगदीं जवळ जाईपर्यंत दृष्टीस पडत नाहीं. आंत शिरतांना हत्तींना पंजांत पकडलेल्या वाघाचें शिल्प दिसतें. वर कलालबांगडीसारखी प्रचंड तोफ आहे. आणि चोहोंकडे खारें पाणी असतां मध्यें गोड्या पाण्याचे दोन तलाव! वेढा घालणारांची निराशा त्या तलावांपाशीं उभें राहिलें म्हणजे समजते.

मग मुलें हटकून विचारतील, ‘शिवाजीमहाराजांनीं हा कां घेतला नाहीं?’ येथें वडील माणसांनीं प्रश्न टाळूं नये. महाराजांनीं यत्न सोडला नव्हता. मुरुडसमोर समुद्रांत दिसणारा पद्मदुर्ग त्यांनीं याच शत्रूवर नजर ठेवण्यासाठीं बांधविला. लाय पाटील नांवाच्या कोळी वीरानें रात्रीं तटास शिड्या लावल्या, पण वर चढणारी फौज वेळेवर आली नाहीं, असें सांगतात. १६८२ च्या सुमारास संभाजीमहाराजांनीं किनारा व किल्ला यांमधील समुद्र दगड-लाकूड टाकून बुजविण्याचें साहस आरंभिलें. मोगलांची फौज कोंकणांत उतरल्यानें तें अर्ध्यावर राहिलें. पुढें श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथाच्या पुत्रांनीं, बाजीराव व चिमाजी अप्पा यांनीं, सिद्दीवर हत्यार उपसलें. १७३३ मध्यें रायगड परत मिळाला, १७३६ मध्यें सिद्दी सात रणांत पडला. जंजिरा मात्र हातीं आला नाहीं.

एक गोष्ट आपल्यासारख्या घरांतून विशेष सांगितली पाहिजे. १६७५ सालीं महाराजांनीं प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. पद्मदुर्गास धान्य व पैका पोंचविण्याची आज्ञा त्यास होती. ती त्यानें पाळली नाहीं. हबशानें कांहीं देऊन तुला आपला चाकर केलें असेल, असा संशय महाराजांनीं त्यांत उघड बोलून दाखविला. ब्राह्मण म्हणून गय होणार नाहीं, असेंही बजाविलें. जंजिऱ्याच्या अपयशांत समुद्र, तोफा आणि मोगल यांचा वांटा होता, तसाच घरच्या दिरंगाईचाही होता. हें मुलांपासून लपविलें, तर किल्ला पाहूनही त्यांनीं कांहींच पाहिलें नाहीं असें होईल.

उलट बाजूही तितक्याच निर्मळपणें सांगावी. आफ्रिकेंतून आलेल्या या हबशी दर्यावर्दींनीं बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्यें पिढ्यान् पिढ्या आपलें राज्य राखलें. राजपुरीजवळच खोकरी येथें त्यांच्या दगडी कबरी आहेत. त्यांचें कोरीव काम शांतपणें पाहण्यासारखें आहे. मुरुडास पाणी पुरविणारें गारंबीचें धरण नबाबाच्या कारकीर्दींतच झालें. म्हसळ्यांत हिंदु-मुसलमानांची वस्ती शेजारींशेजारीं आहे. जो इतिहास शेजाऱ्याच्या कानीं पडला असतां आपल्याला मान खालीं घालावी लागते, तो बहुधा अर्धवट सांगितलेला असतो.

आतां घरच्या व्यवस्थेविषयीं थोडें. होडींतून पायऱ्यांवर उतरणें वृद्धांना कठीण जातें, आणि दुपारून वारा सुटल्यावर होडी अधिकच हेलकावते. म्हणून सकाळीं लौकर निघावें. पण एवढ्याकरितां आजीला घरीं ठेवूं नये. खाडी तिला फेरीबोटींत बसल्या जागीं पाहतां येते, खोकरीस गाडी जाते, आणि मुरुडच्या किनाऱ्यावर बसून पद्मदुर्ग दिसतो. किल्ल्यांत जाणारांनीं पाळी लावून कोणीतरी तिच्यापाशीं राहावें. संस्थानी अमलाच्या ज्या आठवणी तिनें आपल्या सासूकडून ऐकल्या असतील, त्या कोणत्याही वाटाड्याला ठाऊक नसतात. तसेंच, सहल म्हणजे बायकांनीं स्वयंपाकघर पाठीवर घेऊन हिंडणें नव्हे. दडपे पोहे, दशम्या आणि कोकमाचें सरबत एवढें पुरें. आणि तें आदल्या रात्रीं पुरुषांनींही हात लावून करावें, म्हणजे तटावर उभें राहून समुद्र पाहण्यास गृहिणीसही फुरसत मिळेल.

स्टॉकहोमचें बुडालेलें जहाज पाहण्याचा योग ज्याला येईल त्यानें तें अवश्य पाहावें. पण आपल्या पूर्वजांनीं जेथें कर भरला, जेथें झुंज घेतली आणि जेथें त्यांना यश आलें नाहीं, ती जागा म्हसळ्याहून एका दिवसांत होण्यासारखी आहे. या चैत्रांत घरांतील लहानथोरांनीं मिळून ती पाहावी, आणि परततांना फेरीबोटींत मुलांना विचारावें, ‘तुम्ही त्या वेळीं असतां, तर धान्य वेळेवर पोंचविलें असतें काय?’