सिस्टर, तुमची जाळी कुठंय?

मागच्या वर्षी मी ज्या ऑफिसात होते (नाव विचारू नका, फुल अँड फायनल अजून यायचंय), तिथे एका सोमवारी एचआरचा मेल आला : कॉफी मशीनपाशी एका वेळी दोनपेक्षा जास्त जणांनी उभं राहू नये. त्या मेलवर आम्ही आठवडाभर हसलो. त्याचे स्टिकर बनवले. एकदा तर मुद्दाम सात जण जाऊन उभे राहिलो. फार काही झालं नाही. फार काही होण्यासारखं नव्हतंच म्हणा. आमच्या हातून चूक झालीच, तर एखादी जाहिरात दोन तास उशिरा लागायची, बस्स.

हा किस्सा मी मावसबहिणीला फोनवर रंगवून सांगत होते. ती नाशिकला एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, आमच्याकडे वॉशरूमला जायचं रजिस्टर आहे."

मला वाटलं, फिरकी घेतेय.

"किती वाजता गेली, किती वाजता आली, सही. दहा मिनिटांच्या वर झालं तर कारण लिहायचं. आता काय कारण लिहू, तूच सांग."

तीन आठवड्यांनी तिने राजीनामा दिला आणि ती घरी, देवळ्याला निघून गेली. मीही एक लाँग वीकेंड बघून एसटीत बसले. थोडी काळजी होती, थोडी पत्रकाराची खाज. भावडबारीचा घाट उतरला की देवळा येतं. कांदा आणि डाळिंबाचा भाग. तालुका झाला १९९९ मध्ये, म्हणजे वयाने माझ्याच आसपासचा. इथल्या बोलण्यात अहिराणी अशी मिसळलेली असते की पहिला तास मी नुसतीच मान डोलावते.

मावशीही नर्स होती. एएनएम, उपकेंद्रावर. आता रिटायर्ड आहे, पण गल्लीतला कुणी ना कुणी अजून रोज बीपी बघायला येऊन बसतो. तर एका ओट्यावर दोन पिढ्यांच्या दोन नर्स, समोर चहा, आणि मध्ये मी, फोनचा रेकॉर्डर ऑन करून.

नियमांची यादी

आधी यादी. ती सांगताना बहीण बोटं मोजत होती आणि दोन्ही हातांची बोटं संपली.

केसांना जाळी हवी, आणि ती काळीच. तीन लेट मार्क म्हणजे एक सीएल कट. लेट म्हणजे आठ वाजून एक मिनिट. नर्सिंग स्टेशनवरच्या दोन खुर्च्या उचललेल्या, कारण कॅमेऱ्यात बसलेली नर्स दिसली की नातेवाइकांना वाटतं या काम करत नाहीत. फोन लॉकरमध्ये. पल्स ऑक्सिमीटर हरवला तर त्या शिफ्टच्या सगळ्यांच्या पगारातून वसुली. पेशंटशी पहिलं वाक्य ठरलेलं : 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?' आणि वर स्माइल.

"देवळ्याकडची एक बाई आली होती, कळा सुरू झालेल्या," ती सांगत होती. "घामाघूम, नवऱ्याचा हात पिळतेय. तिला मी म्हणू, मी आपली काय मदत करू शकते? मी सरळ अहिराणीत विचारलं, बाई, कवापासून दुखी राह्यनं? तिचा चेहराच बदलला. पण माझ्यामागे फ्लोअर मॅनेजर उभे. नंतर म्हणाले, सिस्टर, गावठी बोलू नका, आपलं स्टँडर्ड जातं."

यावरून आठवलं. जून २०२१ मध्ये दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत इन्स्टिट्यूटमध्ये एक परिपत्रक निघालं होतं : नर्सेसनी हिंदी किंवा इंग्रजीतच बोलायचं, मल्याळम बोललात तर कारवाई. इतका गहजब झाला की दुसऱ्याच दिवशी ते मागे घ्यावं लागलं. तिथे केरळच्या मुली खूप होत्या, त्यांचा आवाज मोठा होता. नाशिकच्या वॉर्डातल्या एकट्या अहिराणीचा आवाज कुठवर जाणार?

आणि ही तर हल्लीची गोष्ट. लष्कराच्या नर्सिंग सर्व्हिसमध्ये लग्न केलं म्हणून नोकरी जायची, तेही १९७७ च्या एका लेखी आदेशाने. तो आदेश १९९५ मध्ये रद्द झाला. त्याआधी, १९८८ मध्ये, सेलिना जॉन या लेफ्टनंटना लग्नाच्या कारणावरून काढलं होतं. त्या कोर्टात गेल्या, लढत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना ६० लाख रुपये द्यायला सांगितलं. म्हणजे छत्तीस वर्षं. कॉफी मशीनच्या मेलवर आम्ही छत्तीस मिनिटंही भांडलो नव्हतो.

तीन वाजताचा राउंड

जाळी, स्माइल, खुर्च्या, हे सगळं ती हसत सांगत होती. एका गोष्टीवर आली आणि हसणं थांबलं.

त्यांच्याकडे एक 'अवरली राउंड शीट' होती. दर तासाला प्रत्येक पेशंटपाशी जायचं; दुखणं किती, सलाइनचा वेग, कूस बदलली का, पलंगाचं रेलिंग वर आहे का, पाणी हाताशी आहे का, हे सगळं बघून लिहायचं, वेळ टाकायची आणि सही करायची. कल्पना वाईट नाही. पेशंट पलंगावरून पडू नये, त्याला ताटकळावं लागू नये, म्हणून बऱ्याच देशांत असे राउंड होतात. आपल्याकडे एनएबीएचचं मानांकन हवं असलं की अशा नोंदी लागतातच. गडबड आहे ती आकड्यांत. रात्री तिच्याकडे चौदा पेशंट असायचे. नीट बघायचं तर एकाला तीन मिनिटं. म्हणजे बेचाळीस मिनिटं फक्त राउंड, आणि उरलेल्या अठरा मिनिटांत इंजेक्शनं, औषधं, बेडपॅन, ओटीतून येणारा पेशंट, नातेवाइकांचे प्रश्न. (भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की साध्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स हवी.)

मग काय होतं? सगळ्या जणी शीट आधीच भरून ठेवतात. रात्री अकरालाच पहाटे पाचपर्यंतचे रकाने भरून तयार. 'पेशंट शांत झोपलेले. रेलिंग वर. पाणी जवळ.' सही.

"तू पण?"

"मी पण," ती म्हणाली. "पहिले सहा महिने. खोटं कशाला बोलू."

एका रात्री दोन चाळीसला नऊ नंबरच्या आजोबांचं काहीतरी बिनसलं. ऑपरेशन होऊन एकच दिवस झालेला. श्वास जड, ऑक्सिजन ८४ वर. तिने ड्युटी डॉक्टरांना फोन केला, ऑक्सिजन लावला, आजोबांना उचलून बसतं केलं, सक्शन केलं. पलीकडच्या विंगमधली नर्स धावत आली, दोघी मिळून लागल्या. आजोबा आयसीयूत शिफ्ट होईपर्यंत तीन पस्तीस झाले. त्या दिवशी तिने नेमकी शीट आधी भरलेली नव्हती. तीन वाजताचा रकाना सगळ्यांचा कोरा.

सकाळी मेमो. 'तीन वाजताचा राउंड न घेतल्याबद्दल खुलासा करावा.'

मदतीला आलेल्या मैत्रिणीची शीट मात्र चोख होती. तिच्या विंगमधले सगळे पेशंट तीन वाजता 'शांत झोपलेले' होते आणि त्यांना बघून तिने सही केली होती. तीन वाजता ती नऊ नंबरपाशी आजोबांचा खांदा धरून उभी होती.

मावशी इतका वेळ कांदे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या वेळी केसेस होत्या."

केसेस म्हणजे कुटुंब नियोजनाची ऑपरेशनं. मावशी लागली १९८९ मध्ये. तेव्हा प्रत्येक नर्सला टार्गेट असायचं : इतकी ऑपरेशनं, इतक्या कॉपर टी. फेब्रुवारी उजाडला की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करून आकडे विचारायचे. पगार थांबवू, बदली करू. एप्रिल १९९६ पासून सरकारने हे टार्गेट अधिकृतपणे काढलं. तोवर मावशीची सात वर्षं गेली होती.

"रजिस्टरला सतरा कॉपर टी असायच्या," मावशी म्हणाली, "आणि त्यातल्या दोन बायका गावातच नसायच्या." मग थोडं थांबून, "साहेबांनाही माहीत असायचं. त्यांच्या वरच्यांनाही."

मी विचारलं, मग हे सगळं कागद-रजिस्टर बंदच केलं तर? मावशी एकदम उखडली. तिचं म्हणणं, कागद पाहिजेच. कुठली पोर सातव्या महिन्याची आहे, कुणाचं रक्त कमी, कुठल्या बाळाचा गोवराचा डोस राहिलाय, हे तिला रजिस्टरमुळेच पाठ असायचं. २८ जानेवारी २०२० ला इथून जवळच, मेशी फाट्याजवळ, एसटी आणि रिक्षा विहिरीत पडून २६ माणसं गेली, ती आठवण तिने काढली. अशा वेळी नातेवाईक गावोगावहून धावत येतात आणि त्यांच्या हातात पहिली कुठली गोष्ट द्यायची, तर नावांची यादी. ती खरी पाहिजे. "वही पेशंटसाठी लिहायची असती," ती म्हणाली. "साहेबासाठी लिहाया लागलं की खोटी होती."

खरी वेळ

मेमोच्या उत्तरात बहिणीने चार ओळी लिहिल्या : अमुक ते अमुक वेळ नऊ नंबरपाशी होते, डॉक्टरांना फोन दोन बेचाळीसला केला, शिफ्टिंग तीन पस्तीसला. माफी वगैरे काही नाही. झेरॉक्स स्वतःकडे. आणि मग तिने एक साधीच गोष्ट सुरू केली. शीटवर खरी वेळ टाकायची. तीनचा राउंड तीन पन्नासला झाला तर तीन पन्नास. झालाच नाही तर रेघ, आणि शेजारी कारण.

पहिल्या रात्री ती एकटी होती. चौथ्या रात्री मजल्यावरच्या पाच जणी. मदतीला आलेली ती मैत्रीणही. नऊ दिवसांत शीटचा असा अवतार झाला की आंधळ्यालाही दिसावं : रात्री चौदा पेशंटमागे एकटी नर्स असेल तर दर तासाचा राउंड होतच नाही.

मला वाटलं होतं, मेट्रन आता झाडणार. पण त्या बाई स्वतः तीस वर्षं वॉर्डात घासून वर आलेल्या. त्यांनी त्या शीट्सचा गठ्ठा मॅनेजमेंटपुढे ठेवला. काय बोलणं झालं कुणाला ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात नियम बदलला : स्थिर पेशंटचा राउंड दोन तासांनी, सीरियसचा तासाला. नर्स मात्र एकही वाढली नाही.

इथे एक संशोधन सांगायलाच हवं, कारण मॅनेजर लोकांना आकडे आवडतात. २००२ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास छापला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. कॅलिफोर्नियाने तर किती पेशंटमागे किती नर्स याचा कायदाच केला, तो २००४ पासून लागू आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली. तिने पगाराची शिफारस केली : पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २० हजार. शिफारस. बहिणीचा पगार मी इथे लिहीत नाही, तिनेच नको म्हटलं.

राउंड शीटची लढाई जिंकूनही तिने नोकरी का सोडली? तिला लगेच ओपीडीत टाकलं, वॉशरूमचं रजिस्टर तसंच राहिलं, आणि एका सकाळी जाळी काळीऐवजी चॉकलेटी निघाली म्हणून सगळ्यांसमोर ओरडा बसला. "आजोबांच्या वेळी रडले नाही," ती म्हणाली, "जाळीवरून रडले. मग म्हटलं, पुरे."

सोडताना नवा घोळ. जॉइन होताना तिने दोन वर्षांचा बॉण्ड लिहून दिला होता आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा केली होती. दोन वर्षं पूर्ण झाली होती, तरी कागद 'प्रोसेसमध्ये'. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईत एका नर्सच्या आत्महत्येनंतर तिच्या सहकारी संपावर गेल्या होत्या, त्या याच बॉण्ड आणि अडकवलेल्या कागदांवरून. इथे संप वगैरे झाला नाही. इथे मावशी गेली. सकाळच्या गाडीने, डबा घेऊन, आणि रिसेप्शनच्या सोफ्यावर दहा वाजता बसली. कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "लेकीचे कागद घ्यायला आलेय." दुपारी तिथेच डबा उघडला. चार वाजता कागद मिळाले.

मी निघायच्या दिवशी नव्या हॉस्पिटलचं अपॉइंटमेंट लेटर आलं होतं. मावशीने चष्मा लावून, पेन्सिलीने खुणा करत ते वाचलं आणि सहाव्या मुद्द्यापाशी थांबली : मूळ प्रमाणपत्रे जमा करणे आवश्यक. बहिणीने तिथूनच फोन लावला. पलीकडून 'मॅम, पॉलिसी आहे' ऐकू येत होतं. ही शांतपणे म्हणाली, "ओरिजिनल दाखवते, तुम्ही तपासा, झेरॉक्स ठेवून घ्या. ओरिजिनल मी परत नेणार. चालत असेल तर सोमवारी येते."

"विचारून सांगतो," पलीकडून आलं. माझी एसटी साडेपाचची होती, निघावं लागलं.

मंगळवारी रात्री तिचा व्हॉट्सअॅप आला. 'जॉइन झाले. ओरिजिनल आईच्या कपाटात. इथे खुर्ची आहे, वॉशरूमला रजिस्टर नाही.' आणि खाली फोटो : हातात केसांची जाळी. निळी.