मुकाबल्याचे काम

नांदेड शहर मागे टाकून लातूरच्या रस्त्याने गोदावरी ओलांडली, की थोड्याच अंतरावर विष्णुपुरी येते. बंधाऱ्याने अडविलेला शंकरसागराचा विस्तीर्ण जलाशय, १९८१ साली स्थापन झालेली श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि माळरानावर पसरलेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, इतक्या गोष्टी एका लहानशा गावाच्या नावाभोवती गोळा झालेल्या महाराष्ट्रात फार ठिकाणी आढळणार नाहीत. विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची, म्हणजे ज्या दिवशी १९४८ साली हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपली, त्याच तारखेची; आणि ज्यांचे नाव त्यास दिले गेले ते स्वामीजी राजकारणात पडण्यापूर्वी आणि पडल्यानंतरही मूळचे शिक्षकच होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईस त्यांनी मुले शिकविली होती. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये या परिसराकडे तोंड करून उभी आहेत. अशा प्रदेशात शिकविण्याचा मजकूर कागदावरून पडद्यावर जाताना काय सोसतो, आणि त्याची निगा कोणत्या हाताने राखावी लागते, त्या कामाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

काम सांगावयास सोपे आहे. मूडल, एचफाइव्हपी, आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, ॲडॉबी कॅप्टिव्हेट अशी जी पाठ रचण्याची साधने आहेत, त्यांत निरनिराळ्या ठिकाणांहून आणून ओतलेला मजकूर रूपाने एकसारखा करावयाचा. या व्यवहारातली माणसे त्यास ‘फॉरमॅटिंग नीट करणे’ एवढेच म्हणतात, आणि त्या तीन शब्दांमुळेच बहुधा, हे कोणीही दुपारच्या जेवणानंतर उरकून टाकावे असे किरकोळ काम आहे असा समज रूढ झाला आहे. माझे मत याच्या अगदी उलट आहे. निजामी अमदानीत या मुलखातल्या कचेऱ्यांचे दफ्तर उर्दूत चाले, तेव्हा नकलनवीसाने उतरविलेली नक्कल मुळाशी ताडून पाहिल्यावाचून तिला दस्तऐवजाची किंमत येत नसे. त्या ताडून पाहण्यास मुकाबला म्हणत. पडद्यावरील पाठाचे रूप सुधारणे हा त्याच जातीचा मुकाबला आहे, आणि तो न केलेला पाठ ही न ताडलेली नक्कल आहे.

माझ्या हाती आलेल्या एका पाठाचेच उदाहरण घेतो. विषय होता गोदावरी खोऱ्यातील उपसा सिंचन. म्हणजे ज्या शंकरसागराच्या काठी बसून आम्ही हे काम करीत होतो, त्याच पाण्याचा. ज्या अध्यापकांनी तो लिहिला ते आपल्या विषयात मुरलेले होते, आणि लिहिलेले सर्व शुद्ध व सुबोध होते; परंतु त्यातला पहिला भाग पंधरा वर्षांपूर्वीच्या श्रीलिपीतील टिपणांतून, दुसरा वर्डमधील एका प्रकरणातून, तिसरा पॉवरपॉइंटच्या चित्रफळ्यांतून आणि शेवटची भर मोबाइलवरील निरोपातून आलेली होती. पडद्यावर त्याचे स्वरूप असे होते, की एका परिच्छेदात अक्षर बोटभर आणि पुढच्यात मुंगीएवढे. एका ठिकाणी १, २, ३ असे अंक आणि दोन ओळींनंतर रोमन वळणाचे. मथळे कुठे निळे, कुठे काळे, कुठे नुसतेच ठळक. आणि मधूनच एखादे वाक्य, त्यात विशेष काही सांगितलेले नसतानाही, जाड टंकात डोळ्यांत भरणारे.

हे शेवटचे जे जाड वाक्य, त्यावर मी अंमळ थांबणार आहे, कारण या कामाचे मर्म तेथे आहे. लातूर पॅटर्नच्या नावाने ओळखली जाणारी कसून अभ्यासाची पद्धत ज्या भूमीत वाढली, तेथला विद्यार्थी ठळक अक्षराकडे शोभा म्हणून पाहत नाही. ठळक म्हणजे महत्त्वाचे, महत्त्वाचे म्हणजे परीक्षेस येणारे, असा त्याचा सरळ हिशेब असतो. किनवटच्या किंवा मुखेडच्या एखाद्या मुलीने बसस्थानकावर गाडीची वाट पाहत, दोन बोटांएवढ्या पडद्यावर हा पाठ उघडला, तर ते वाक्य ती पाठ करील. आणि ते ठळक होण्याचे कारण केवळ एवढेच असेल, की वर्डमधून उचलताना त्याच्याबरोबर त्याचा जुना पोशाखही चिकटून आला. मजकुरातील एकही शब्द न चुकता पाठाने खोटी साक्ष दिली असे यास म्हणावे लागते. रूपातील विसंगती हा सौंदर्याचा प्रश्न आहे असे जे मानतात, त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

विसंगती येते कोठून, हे पाहू लागलो म्हणजे प्रथम जुन्या टंकांच्या दारात जावे लागते. श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी वळणाच्या टंकांत देवनागरी अक्षराला स्वतःची ओळख नव्हती; रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर काना, मात्रा, वेलांटी, अर्धा क, पाऊण ष यांचे तुकडे बसविलेले असत, आणि तो विशिष्ट टंक संगणकात असेल तोवरच ते तुकडे मराठी दिसत. टंक गेला की पाठीमागे रोमन चिन्हांचा निरर्थक ढिगारा उरे. ‘फॉन्ट फुटला’ हा शब्दप्रयोग आमच्या छापखान्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत या अनुभवातूनच आलेला आहे. वास्तविक १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय प्रमाण ठरले होते आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली, परंतु सामान्य टेबलावर युनिकोड देवनागरी पोहोचली ती विंडोज २००० बरोबर आलेल्या, र. कृ. जोशी या थोर अक्षरकाराने रेखाटलेल्या ‘मंगल’ टंकामुळे. तोपर्यंत दहा वर्षांची टिपणे तुकड्यांच्या लिपीत साठून गेली होती.

ती टिपणे आता युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके सर्वत्र मिळतात, आणि ती उपकारक आहेत यात संशय नाही; पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा मनुष्य फसतो. जुन्या टंकात पहिली वेलांटी खिळे जुळवणाऱ्याच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी ठेवलेली असे. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलट. साध्या अक्षरांत ही अदलाबदल बिनबोभाट होते, मात्र ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’ अशा जोडाक्षरांपाशी वेलांटी कुठे जाऊन बसेल याचा नेम राहत नाही. सर्वांत नाजूक प्रकरण अर्ध्या ऱ्याचे. आमच्या पाठाचे नावच ‘खोऱ्यातील’ असे असल्याने परिवर्तनानंतर ते जागोजाग ‘खोर्यातील’ झाले होते. हा फरक केवळ डोळ्यांचा नाही. ‘आचाऱ्यास’ दिलेला शिधा ‘आचार्यास’ दिला गेला, की शिधा घेणाराच बदलतो, आणि दऱ्याखोऱ्यांतील ‘दऱ्या’ पुसून तेथे समुद्राचा ‘दर्या’ येतो. भूगोलाच्या पाठात यापेक्षा मोठा अनर्थ कोणता? भरीस भर अशी, की हा अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी साठविला जाऊ शकतो, दोन्ही डोळ्यांस सारख्याच दिसतात, आणि शोध घेताना मात्र एक रीत दुसरीला ओळखत नाही. ‘ॲप’मधल्या पहिल्या अक्षराचीही तीच कथा: अ वर चंद्र बसवून केलेले एक आणि २००८ साली युनिकोडात स्वतंत्र दाखल झालेले दुसरे. म्हणून रूप एकसारखे करण्याच्या कामाचा आरंभ रंगापासून किंवा आकारापासून न करता या अदृश्य पातळीपासून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पाया दुभंगलेला असताना भिंतीस रंग देण्यात अर्थ नाही.

त्यानंतर येतात वर्ड आणि पॉवरपॉइंट. वर्डमध्ये देवनागरीसारख्या लिप्यांचा टंक, आकार आणि ठळकपणा रोमनहून वेगळ्या खात्यात नोंदलेला असतो. लेखकाने आकार बदलला असे त्यास वाटते, आणि बदल एकाच खात्यात रुजू झालेला असतो. एकाच वाक्यातील इंग्रजी संज्ञा मोठी आणि मराठी शब्द लहान दिसण्याचे कारण पुष्कळदा हेच. पॉवरपॉइंट चौकटीत न मावणारा मजकूर स्वतःहून बारीक करतो, त्यामुळे ज्या फळ्यावर बोलावयाचे अधिक, त्यावरील अक्षर लहान, अशी विपरीत स्थिती होते. आणि पाठसाधनात रोमन टंक निवडलेला असेल, तर त्यात देवनागरी नसल्याने प्रत्येक यंत्र आपल्या पदरचा टंक पुढे करते: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलच्या फोनवर कोहिनूर. तिघांची उंची वेगळी, म्हणून संगणकावर नेटकी दिसणारी ओळ फोनवर उकार कापून घेते. यावर उपाय म्हणजे ‘मुक्ता’सारखा मुक्त परवान्याचा, मुंबईच्या एक टाइपने घडविलेला टंक पाठाबरोबरच देणे, आणि ओळींमधील अंतर रोमनच्या मापाने न ठेवता वरच्या मात्रेस व खालच्या उकारास श्वास घेता येईल इतके राखणे. अक्षरांमधील अंतर वाढविण्याची हौस मात्र देवनागरीत कटाक्षाने टाळावी. त्याने शिरोरेखा तुटते. तिरप्या अक्षराचीही आमच्या लिपीस परंपरा नाही, यंत्र ती अक्षरे नुसती ढकलून वाकवते.

पूर्वीच्या छापखान्यात हा घोटाळा होऊ शकत नसे. निर्णयसागरासारख्या संपन्न मुद्रणालयाची गोष्ट सोडली, तर तालुक्याच्या गावी खिळ्यांच्या पेट्या मोजक्याच असत. मथळ्यास एक, मजकुरास एक, तळटीपेस एक, आणि चुकून दुसऱ्या पेटीतला खिळा आला तर मुद्रितशोधक त्यावर वर्तुळ करी. साधनांच्या दारिद्र्याने एक शिस्त फुकट मिळत होती. आज ती बुद्धिपुरस्सर निर्माण करावी लागते, आणि तिचे साधन म्हणजे ज्यास ‘स्टाइल’ म्हणतात ते. प्रत्येक परिच्छेदास हाताने पोशाख चढविण्याऐवजी त्यास हुद्दा द्यावा: हा मुख्य मथळा, हा उपमथळा, हा मजकूर, ही चित्राची ओळ. कोणत्या हुद्द्यास कोणता पोशाख, हे एकदाच एका ठिकाणी ठरवावे. पुढे तो बदलावासा वाटला, तर त्या एका ठिकाणी बदलताच साऱ्या पाठात बदलतो. हुद्द्याचा आणखी एक लाभ असा, की दृष्टिहीन विद्यार्थ्यास पडदावाचक मथळ्यामागून मथळा असा पाठ चालून दाखवितो. केवळ मोठ्या व जाड केलेल्या ओळीस तो मथळा मानत नाही. पाठाची भाषा मराठी आहे ही एवढीशी नोंद साधनात केली, की वाचकयंत्रास मराठीचा आवाज निवडता येतो. आणि ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत, शासनाने २००९ च्या नोव्हेंबरातील वर्णमालेच्या निर्णयात मान्य केलेला पाकळीचा ल व देठाचा श हिंदी वळणाच्या जागी आपोआप येतो.

आता प्रत्यक्ष हात कसा चालतो ते सांगतो. मूळ फाइल जशीच्या तशी बाजूस ठेवावी, तिला स्पर्श करू नये. नकलेवर परिवर्तन करावे, आणि मग सर्व जुना पोशाख उतरवून साधा मजकूर करून घ्यावा. या पायरीवर घाई करणारे एक भरून न येणारे नुकसान करतात. पोशाख उतरविताना अर्थाचे चिन्हही उतरते: पाण्याच्या मापातील ‘मी’च्या डोक्यावरचा ३ खाली येऊन शेजारी बसतो, रसायनसूत्रातला पायथ्याचा २ वर चढतो, आणि लेखकाने खरोखर जाणूनबुजून ठळक केलेली व्याख्याही इतरांत मिसळते. म्हणून उतरविण्यापूर्वीच कागदावर, हो, कागदावरच, अशा जागांची यादी करावी आणि लेखकास विचारून घ्यावे की यांतले तुमचे कोणते आणि आगंतुक कोणते. आमच्या अध्यापकांनी त्या यादीतील बहुसंख्य ठळक वाक्यांवर काट मारली. ती ठळक आहेत हे त्यांस ठाऊकच नव्हते. जी राहिली ती मात्र खरी व्याख्या होती, आणि प्रथमच ती एकटी उठून दिसली.

शेवटी मुकाबला. एकाने मूळ मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून चालावे. आकडे दोनदा वाचावेत. संध्याकाळी जलाशयाकडून वारा येत असताना आम्ही असे बसलो, तेव्हा वाचणाऱ्याने ‘खोऱ्यातील’ म्हटले, की पाहणारा क्षणभर थांबे आणि मग हुंकार देई. असे काही तास गेले. स्कॉर्म या पाठ बांधण्याच्या प्रमाणपद्धतीने गाठोडे बांधून पाठ पुन्हा प्रसिद्ध केला, कारण त्या पद्धतीत आत एक उकार सुधारला तरी सारे गाठोडे नव्याने बांधून चढवावे लागते. मग एका स्वस्त फोनवर उघडून वरपासून खालपर्यंत पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यापकांचा निरोप आला, की जलाशयासंबंधी दोन परिच्छेद नवे लिहिले आहेत, तेवढे घालावेत. ते फोनवरूनच धाडलेले होते, अंक रोमन वळणाचे, मधला एक शब्द ठळक. मी कागद पुढे ओढला आणि त्या शब्दासाठी त्यांना फोन लावला.