दोन स्थानकांच्या मधला प्रवास

मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की घराघरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. वेळापत्रके चाळली जातात, तिकिटे काढली जातात, आणि मग घरातील एखादे वडीलधारे माणूस समाधानाने सांगते, "बडोद्याहून मुंबईस सहा तास, मुंबईहून मिरजेस दहा तास. झाला प्रवास!" मुलांनो, या हिशेबातून एक गोष्ट गळलेली असते. बडोद्याची गाडी ज्या स्थानकात येऊन थांबते, त्या स्थानकातून मिरजेची गाडी सुटत नाही. पहिली मुंबई सेंट्रलला येते. दुसरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघते. या दोहोंमधील अंतर अवघे पाच किलोमीटरांच्या आसपास आहे. शेकडो किलोमीटरांच्या प्रवासात पाच किलोमीटरांची ती काय मातब्बरी, असे कोणासही वाटेल. परंतु ज्यांनी म्हातारी माणसे, कडेवरचे मूल आणि ट्रंका-वळकट्या घेऊन हे अंतर ओलांडले आहे, त्यांना विचारून पाहा. गाडीत बसल्यावर प्रवासाची काळजी इंजिन वाहते; या पाच किलोमीटरांत ती आपणच वाहायची असते.

एकाच शहरात अशी निरनिराळी स्थानके असावीत तरी कशाला? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे गेले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत चौतीस किलोमीटर आगगाडी धावली. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला या कंपनीची गाडी. या कंपनीची दृष्टी घाट ओलांडून दख्खनकडे जाण्याची होती. दुसरी एक कंपनी गुजरातेत रूळ टाकीत दक्षिणेकडे सरकत होती; ती १८६४ साली मुंबईत येऊन पोहोचली. तिच्या नावातच बॉम्बे, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान असे सगळे होते. दोघींचे रूळ निराळे, हिशेब निराळे, आणि म्हणून स्थानकेही निराळी. पहिलीने १८७८ पासून दहा वर्षे खपून बोरीबंदरास आपले भव्य स्थानक उभारले. दुसरीने १९३० साली मुंबई सेंट्रल बांधले. पुढे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे अशी नवी रचना झाली. कंपन्या गेल्या, दोन्ही रेल्वे सरकारच्याच झाल्या. परंतु दगडविटांची स्थानके काही जागची हलली नाहीत.

ही गोष्ट केवळ मुंबईचीच आहे असे समजू नका. कोलकात्यात हावडा स्थानक हुगळी नदीच्या एका तीरावर, तर सियालदा दुसऱ्या तीरावर आहे. चेन्नईत सेंट्रल आणि एग्मोर अशी दोन आहेत. लंडनमध्ये तर १८४६ साली एका शाही आयोगाने शहराच्या मध्यभागात आगगाड्या येऊ देऊ नयेत असाच सल्ला दिला. त्यामुळे तेथे शहराच्या कडेने स्थानकांची जणू माळच तयार झाली.

आता मी माझ्या लहानपणची एक हकीकत सांगतो. १९७३ साल होते. मी अकरा वर्षांचा होतो. गायकवाडांच्या काळापासून बडोद्यास पुष्कळ मराठी कुटुंबे राहत आली आहेत, त्यांतलेच आमचे एक. आजीचे धाकटे भाऊ मिरजेच्या एका रुग्णालयात होते. त्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती, आणि तीपूर्वी भावाला डोळे भरून पाहावे, एवढीच आजीची इच्छा होती. आम्ही सातजण निघालो : आजी, अण्णा म्हणजे माझे वडील, आई, काका, मी, माझी धाकटी बहीण आणि तीन वर्षांचा भाऊ. सामान म्हणाल तर दोन ट्रंका, दोन वळकट्या, फराळाचा पितळी डबा, फिरकीचा तांब्या आणि बडोद्याच्या चिवड्याची एक पिशवी. मिरजेस चिवडा मिळत नसावा अशी आजीची समजूत होती.

गाडी सायंकाळी मुंबईस आली. पुढची गाडी रात्रीची होती. वेळ भरपूर होता. सातजण आणि एवढे सामान एका टॅक्सीत मावेना, म्हणून अण्णांनी दोन टॅक्सी केल्या. पहिलीत अण्णा, आई आणि दोन्ही धाकटी भावंडे. दुसरीत काका, आजी आणि मी. सगळी तिकिटे अण्णांच्या खिशात राहिली. "बोरीबंदरला भेटू," एवढेच बोलणे झाले. त्या वेळी स्थानकाचे नाव व्हिक्टोरिया टर्मिनस असे होते. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द आला. आजी मात्र अखेरपर्यंत बोरीबंदरच म्हणत असे.

तुमच्यापैकी ज्यांनी हे स्थानक पाहिले आहे, त्यांच्या ध्यानात आलेच असेल. त्याच्या एका अंगास लोकल गाड्या सुटतात आणि दुसऱ्या अंगास लांब पल्ल्याच्या. दोन्हीकडे उतरण्याच्या जागा निरनिराळ्या, आणि मध्ये माणसांचा समुद्र. अण्णांची टॅक्सी लोकलच्या अंगास थांबली, आमची दुसऱ्या अंगास. अण्णा म्हणाले, "ते येईपर्यंत आत जायला नको." इकडे आजी म्हणाली, "अरे, तो येईपर्यंत येथून कोणी हलू नका." एकाच छपराखाली आम्ही एकमेकांची वाट पाहत उभे राहिलो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. काकांना शोधायला जायचे होते. पण आजीला, मला आणि एका ट्रंकेला सोडून जावे कसे? शेवटी ते धावत फलाटावर गेले, तेव्हा दुसऱ्या बाजूने अण्णाही धावत येत होते. दोघांची भेट झाली ती सुटलेल्या गाडीचा मागचा तांबडा दिवा पाहता पाहता.

दुसऱ्या दिवशी मिळाली त्या गाडीने आम्ही पुण्यास आणि तेथून मिरजेस गेलो. पोहोचलो तेव्हा शस्त्रक्रिया आटोपली होती. आजीचे भाऊ पुढे चांगले बरे झाले. पण त्या सकाळी ते दाराकडे पाहत होते, असे तेथल्या परिचारिकेने सांगितले. आजी कोणालाच बोलली नाही. अण्णांनाही नाही.

चूक कोठे झाली? टॅक्सी उशिरा आली नव्हती, गाडी वेळेवर सुटली होती. दोष आमचाच होता. 'कोठे भेटायचे' याचे उत्तर आम्ही शहराच्या नावासारखे मोघम दिले होते. एवढ्या मोठ्या स्थानकाचे नाव घेणे म्हणजे भेटीची जागा ठरवणे नव्हे. 'लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूची चौकशीची खिडकी' ही भेटीची जागा होय. शिवाय ज्यांच्याजवळ तिकिटे नाहीत असे प्रवासी अर्धेच प्रवासी असतात. तिकडी फुटणार असेल, तर प्रत्येक तुकडीजवळ तिची तिकिटे आणि थोडे पैसे असलेच पाहिजेत. आज तुमच्या घरी भ्रमणध्वनी असतात, त्यामुळे हे सारे अनावश्यक वाटेल. परंतु गर्दीच्या गोंगाटात घंटी ऐकू येत नाही, आणि यंत्रातील वीज नेमकी प्रवासाच्या दिवशी संपते, हाही अनुभव तुम्हांस असेलच.

वेळेचा हिशेब नेहमी शेवटाकडून मागे करावा. समजा, पुढची गाडी रात्री साडेआठला आहे. आठ वाजता आपण फलाटावर असावे. स्थानकात शिरून, फलाट शोधून तेथवर पोहोचण्यास आजींच्या चालीने अर्धा तास लागेल, म्हणजे साडेसात. सायंकाळच्या वर्दळीत टॅक्सीस तासभर धरावा, म्हणजे साडेसहा. गाडीतून उतरणे, सामान मोजणे, बाहेर येणे यांस आणखी अर्धा तास. आणि पहिली गाडीच तासभर उशिरा आली तर? असे मागे मागे येता पाच वाजतात. ज्याच्या तिकिटावर पहिली गाडी सात वाजता पोहोचते असे छापले आहे, त्याने दुसरी गाडी निवडावी हे बरे. या हिशेबात चाल धरायची ती घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाची. अण्णा झपझप चालत, म्हणून आमचा हिशेब नेहमी अण्णांच्या पायांनी होई.

सामानाविषयी रेल्वेचा नियम उदार आहे. शयनयान वर्गाच्या प्रवाशास ४० किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते. म्हणजे पाच मोठ्या माणसांचे २०० किलो सामान नियमात बसते. खांद्यावर मात्र बसत नाही! घरून निघण्यापूर्वीच एकदा सगळ्यांनी आपापले सामान उचलून अंगणाला फेरी मारावी. ज्याचा हात मुलाला धरण्यासाठी हवा आहे, त्याच्या हातात पिशवी देऊ नये. उरलेले जड सामान हमालाच्या स्वाधीन करावे. तांबड्या सदऱ्यातील या माणसांना २०१६ पासून सरकारी कागदोपत्री 'सहायक' म्हणतात. त्यांच्या दंडावरील बिल्ल्याचा क्रमांक आधी पाहून ठेवावा, मजुरी आधी ठरवावी, आणि मग त्यांच्या अनुभवावर विश्वास टाकावा. कोणत्या जिन्यावर गर्दी कमी असते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? मधला वेळ फारच मोठा असेल, तर सामान स्थानकाच्या सामानघरात ठेवता येते. तेथे तिकीट दाखवावे लागते, आणि कुलूप नसलेली पेटी घेत नाहीत.

टॅक्सीवाचून जाण्याचे मार्गही आहेत. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेचे रूळ दादरला शेजारी शेजारी येतात. तेथे केवळ एक पादचारी पूल ओलांडला, की एका रेल्वेवरून आपण दुसरीवर जातो. पूर्वी दोन्ही बाजूंस फलाट क्रमांक एक असे, आणि नवखा माणूस हटकून चुकीच्या 'एक'वर जाऊन उभा राही. डिसेंबर २०२३ पासून तेथे एक ते चौदा असे सलग क्रमांक दिले आहेत. हा मार्ग सोपा दिसतो. परंतु तेथे गाडी थोडीच मिनिटे थांबते. टर्मिनसवर गाडी रिकामी उभी असते, आजींना हात धरून चढवता येते, सामान सावकाश लावता येते. म्हणून म्हातारी माणसे बरोबर असता मी तरी टर्मिनसच पसंत करीन. लोकलने जायचेच झाले, तर गर्दीची दिशा पाहावी. सकाळी माणसांचा लोंढा दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि बोरीबंदरकडे जातो. सायंकाळी तो उलटा फिरतो. लोकल अर्ध्या मिनिटाहूनही कमी थांबते. तेवढ्यात सातजण आणि दोन ट्रंका चढणे हे कोणाच्याही आवाक्यातले काम नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली. तिच्यावर मुंबई सेंट्रल आणि शिवाजी महाराज टर्मिनस या दोन्ही ठिकाणी स्थानके आहेत. मध्ये ग्रँट रोड, गिरगाव आणि काळबादेवी लागतात. हातात मावेल एवढेच सामान असेल, तर हा मार्ग उत्तम.

आणखी एक सावधगिरी नावांची. वांद्रे टर्मिनस हे वांद्र्याच्या लोकल स्थानकाहून वेगळे, आणि लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्याच्या लोकल स्थानकाहून वेगळे आहे. तिकिटावरचे संपूर्ण नाव टॅक्सीवाल्यास वाचून दाखवावे.

मिरजेहून परतताना आम्ही पुन्हा मुंबईस उतरलो, आणि पुन्हा दोन टॅक्सी कराव्या लागल्या. या खेपेस अण्णांनी तिकिटे दोन पाकिटांत वाटली. गाडीत असतानाच आजीने प्रत्येकास विचारले होते, "चुकामूक झाली तर कोठे?" माझ्या तीन वर्षांच्या भावानेही आपल्या बोबड्या वाणीत उत्तर दिले होते, "चौकशीच्या खिलकीशी!"

आमची टॅक्सी आधी पोहोचली. अण्णांची वाटेत अडकली. ती वीस मिनिटे आली नाही. या वेळी कोणी धावाधाव केली नाही. आजी चौकशीच्या खिडकीजवळ ट्रंकेवर बसून राहिली. अण्णा, आई आणि मुले गर्दीतून वाट काढीत आली, तशी ती उठली. तिने बोटाने एकेकाला मोजले, मुलांच्या डोक्यांना हात लावला, आणि सात झाल्यावर मग सामानाकडे पाहिले.