मानेचे वय

गेल्या उन्हाळ्यात लाखनीला महामार्गावर नागपूरच्या बसची वाट पाहत उभा होतो. एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता तीही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्तीला आलेली, पुढच्या हिवाळ्यात मुलाचे लग्न. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने मोबाईल पुढे केला. पडद्यावर एका बाईच्या मानेची दोन छायाचित्रे होती, ‘आधी’ आणि ‘नंतर’. हनुवटीखालची कातडी चिमटीत धरून तिने हळू आवाजात विचारले, “सर, हे मानेचं खरंच होते का जी? का नुसती जाहिरात आहे?”

मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. डॉक्टर नव्हे, पण खेड्यात जीवशास्त्राचा मास्तर म्हणजे अर्धा डॉक्टर समजला जातो. “वाचून सांगतो,” म्हणालो. बसमध्ये बसल्यावर मात्र तिच्या मानेऐवजी दुसराच एक चेहरा डोळ्यांपुढे येत राहिला, माझ्या लहानपणच्या शेजारच्या काकूचा. त्या चेहऱ्याकडे पुढे येतो. आधी मान.

बैलाच्या पाठीवर माशी बसली की त्याची कातडी तेवढ्याच जागी थरथरते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कातडीला चिकटलेला स्नायूंचा एक पातळ थर जनावरांत असतो, त्याचे ते काम. माणसात हा थर जवळजवळ नाहीसा झाला. त्याचा उरलेला एक मोठा तुकडा म्हणजे मानेतला प्लॅटिस्मा. छातीच्या वरच्या भागापासून जबड्याच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी पसरलेला हा कागदासारखा पडदा. दाढी करताना पुरुष ओठ खाली ओढून मान ताणतात तेव्हा तो दिसतो. तरुणपणी दोन्ही बाजूंचे पडदे हनुवटीखाली जवळ असतात. वय वाढले की त्यांच्या आतल्या कडा सैल पडतात आणि मानेवर दोन उभ्या दोऱ्या उठतात. ‘म्हातारी मान’ आपण ओळखतो ती बहुधा या दोऱ्यांवरून.

परंतु दोष एकट्या पडद्याचा नसतो. पडद्यावर चरबीचा एक थर असतो आणि पडद्याखाली दुसरा. जबड्याखालची लाळग्रंथी थोडी खाली सरकून फुगीर दिसू लागते. गालातली चरबी जबड्याच्या कडेवर येऊन थांबते आणि तिथे छोटी पिशवी लोंबते. शिवाय ज्या हाडावर हे सगळे टांगलेले असते, तो जबडाच झिजतो. दात पडले की दातांभोवतीचे हाड विरघळत जाते, चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची कमी होते आणि तंबूचा खांब आखूड झाल्यावर कापड जसे सैल पडते तसे होते. म्हणून म्हातारपणी नीट बसवलेली कवळी जबड्याच्या रेषेसाठी जे करते, ते कधी कधी चाकूलाही जमत नाही. आमच्या भागात दात पडलेले कितीतरी लोक कवळीवाचून राहतात, आणि हा सर्वांत स्वस्त उपाय कुठल्या जाहिरातीत नसतो.

शस्त्रक्रियेने काय होऊ शकते, हे मान कशामुळे बिघडली यावर ठरते. हनुवटीखाली नुसती चरबी आहे आणि कातडीत अजून ताण आहे, अशा माणसाला लायपोसक्शन पुरते. काही मिलिमीटरच्या छिद्रातून बारीक नळी घालून वरची चरबी ओढून घेतात. उरलेली कातडी आपण होऊन आक्रसते. साठीच्या सैल कातडीवर हाच प्रयोग केला तर फुगा रिकामा होतो आणि लोंबणे वाढते. चरबी फार काढली तर हनुवटीखाली खड्डा पडून पडद्याच्या दोऱ्या आणखी उघड्या पडतात. ‘एका तासात मान’ विकणारे बहुधा हेच विकत असतात.

दोऱ्यांसाठी हनुवटीखालच्या घडीत तीनेक सेंटिमीटरचा छेद घेऊन प्लॅटिस्माच्या दोन्ही कडा मध्यभागी आणून शिवतात. १९९० मध्ये फेल्डमन या अमेरिकी शल्यविशारदाने ही शिवण वरून खालपर्यंत सलग घालण्याची पद्धत मांडली आणि तिला कॉर्सेटचे, म्हणजे बायकांच्या कसून बांधायच्या चोळीचे नाव दिले. पडद्याखालची चरबीही याच छेदातून काढता येते. पण कातडी जास्तीची असेल तर ती कुठेतरी न्यावीच लागते, आणि तिला न्यायची जागा म्हणजे कान. कानासमोरून, पाळीच्या खालून वळसा घेत, कानामागून केसांत जाणारा छेद. कातडी उचलायची, मागे-वर ओढायची, उरलेली कापून टाकायची. हाच फेसलिफ्ट. जबड्यावरची पिशवी आणि सैल मान यांच्यावरचा खरा उपाय आजही हाच.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या तेव्हा नुसती कातडी ओढत असत. कातडी ताणली की ताणतच जाते. त्यामुळे परिणाम टिकत नसे आणि व्रण रुंद होत. स्वीडनच्या स्कूग यांनी सत्तरच्या दशकात कातडीखालचा थरही सोबत उचलायला सुरुवात केली. १९७६ मध्ये मित्झ आणि पेरोनी या दोघांनी त्या थराचे शरीररचनेच्या दृष्टीने वर्णन केले. गालातला हा तंतुमय थर खाली मानेत प्लॅटिस्माशी अखंड जोडलेला असतो. म्हणून गालातला थर वर ओढला की मान आपोआप उचलली जाते, आणि ताण कातडीवर न येता आतल्या थरावर येतो. १९९० मध्ये हॅमरा यांनी याहून खोल जाणारी ‘डीप प्लेन’ पद्धत मांडली. अलीकडे तिची फार चर्चा आहे. पण त्या खोलीवर चेहऱ्याची नस फांद्या टाकत गेलेली असते, म्हणून हात तयार हवा.

धोके सांगायलाच हवेत. जबड्याच्या कडेला लागून जाणाऱ्या एका बारीक फांदीला इजा झाली तर खालचा ओठ एका बाजूने उतरत नाही आणि हसू वाकडे होते. बहुतेकदा काही महिन्यांत सुधारते, नेहमी नाही. सर्वांत जास्त वेळा दुखावते ती मात्र कानाच्या पाळीला संवेदना देणारी मानेतली चेता. असे झाले की कर्णफूल घालताना पाळी बधिर लागते. पहिल्या चोवीस तासांत कातडीखाली रक्त साचण्याचा धोका असतो. रक्तदाब चढलेल्यांत तो वाढतो आणि पुरुषांत बायकांपेक्षा अधिक असतो, कारण दाढीच्या कातडीत रक्तपुरवठा मोठा. साचलेले रक्त तातडीने काढावे लागते. लाखनी ते नागपूर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. तेव्हा संध्याकाळच्या बसने घरी परतण्याची ही शस्त्रक्रिया नव्हे. आपल्या सावळ्या कातडीला उन्हाच्या सुरकुत्या उशिरा पडतात, हे आपले भाग्य. पण तीच कातडी व्रणाच्या जागी काळवंडते किंवा जाड वळ धरते.

आणि आमच्या विदर्भाचा खास धोका म्हणजे खर्रा. उचललेली कातडी काही दिवस फार थोड्या रक्तवाहिन्यांवर जगत असते. तंबाखूतले निकोटिन नेमक्या त्याच बारीक वाहिन्या आवळते; मग कानामागची कातडी काळी पडून मरते. म्हणून शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काही आठवडे तंबाखू संपूर्ण बंद, असे कोणताही जाणता शल्यविशारद सांगतो. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी दोरीसारखी घट्ट होऊन तोंड उघडेनासे होते, ते वेगळेच. तोंड पुरेसे उघडत नसेल तर भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे कठीण होते.

कातडी तिच्या रक्तासकट सरकवायची, या गोष्टीशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. कावसजी नावाचा गाडीवान इंग्रज फौजेत बैल हाकत होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नाक बसवून दिले. मेणाचा साचा नाकावर बेतायचा, तो कपाळावर सपाट ठेवून रेघ आखायची, तेवढी कातडी कापायची, पण दोन भुवयांमधला देठ तोडायचा नाही आणि मग ती कातडी वळवून नाकाच्या जागी बसवायची. त्या देठातून रक्त येत राहते, म्हणून नाक जगते. मुंबई इलाख्यातले टॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले हे डॉक्टर तिथे हजर होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत छापून आली, आणि तिच्या आधारे जोसेफ कार्पू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराचे नाव हकिगतीत नाही. गाडीवानाचे आहे, पाहणाऱ्यांचे आहे. ज्याने केले त्याचे नाही.

स्वतंत्र भारतात प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ मध्ये सुरू झाला तो नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. सी. बालकृष्णन यांच्या हाताखाली. फाटलेल्या ओठांचे आणि टाळूचे त्यांनी केलेले वर्गीकरण ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखले जाते. जळालेली माणसे, दुभंगलेले ओठ, अपघातात गेलेले चेहरे ही त्या काळातल्या विभागांची मुख्य कामे. सौंदर्याची शस्त्रक्रिया त्याच झाडाची फांदी आहे. तेव्हा माझ्या विद्यार्थिनीला पहिला सल्ला हाच देणार होतो की पाटी पाहू नकोस, पदवी पाहा. प्लास्टिक सर्जरीतली एम. सीएच. किंवा डी. एन. बी. आहे का ते विचार.

आता काकू. ती विडी वळायची. नव्वदच्या आसपास तिला कुष्ठरोगाचे निदान झाले, पट्टीतल्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या एकीने अंग काळवंडले, पण रोग बरा झाला. उरला चेहरा. ती पस्तिशीची होती आणि सत्तरीची दिसायची.

असे का होते, हे मला फार उशिरा कळले. या रोगाच्या एका प्रकारात जंतू चेहऱ्याच्या कातडीत दाटीने साठतात. चेहरा सुजल्यासारखा जाड होतो, कानाच्या पाळ्या लांबतात, भुवया गळतात. कातडी महिनोन्‌महिने ताणलेली राहते आणि तिच्यातले लवचिक तंतू नष्ट होतात. औषधाने सूज ओसरते, तेव्हा आत भरायला काही उरत नाही. गाल, जबडा, मान सगळे लोंबते. म्हातारपण ज्या कामाला तीस वर्षे घेते ते हा रोग दोन-चार वर्षांत करतो. गंमत म्हणावी की क्रौर्य, पण औषध लागू पडल्याची ही खूणच गावाला रोगाची खूण वाटते.

यावरची शस्त्रक्रिया जवळपास तीच, जी जाहिरातीतल्या बाईची झाली. डॉ. नोशिर अंतिया हे इंग्लंडात सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकले. परतल्यावर पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी कुष्ठरुग्णांची नाके, हात, चेहरे दुरुस्त केले. या शाखेत कुष्ठमुक्तांसाठी फेसलिफ्ट हा नेहमीच्या उपायांपैकी एक आहे. सोबत लांबलेल्या पाळ्या छाटणे, डोक्याच्या केसाळ कातडीतून भुवई बसवणे. फरक एवढाच की तंतू मेलेली कातडी कानाकडे ओढून फार काळ टिकत नाही, म्हणून पुष्कळदा नाकाशेजारच्या घडीतून जास्तीची कातडी काढतात. औषधोपचार पूर्ण झालेला हवा आणि काही महिने रोगाची प्रतिक्रिया उठलेली नसावी, एवढी अट.

काकूला हे कोणी सांगितले नाही. मलाही ठाऊक नव्हते. मी तेव्हा वर्गात कुष्ठरोगाच्या जंतूचे लॅटिन नाव फळ्यावर लिहीत होतो. तिच्या नवऱ्याने दुसरे लग्न केले. कायदाही त्याच्या बाजूने होता: हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत कुष्ठरोगाची विकृती पाहतात ती डोळे, हात आणि पाय यांची. बोट वाकडे असेल तर नोंद होते, शस्त्रक्रियेची शिफारस होते, सरकार रुग्णाला बुडालेल्या मजुरीपोटी भत्ताही देते. हे योग्यच; हाताने काम होते. परंतु लोंबलेल्या चेहऱ्याला त्या तक्त्यात रकाना नाही. ज्या अवयवामुळे काकूला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तो मोजलाच जात नाही. विम्याचेही तसेच. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, जळणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तर चालते. आता काकूचा चेहरा कोणत्या खान्यात टाकायचा?

हे वाचण्याआधी मी मानेच्या शस्त्रक्रियेला श्रीमंतांचे चोचले समजत होतो. आता इतक्या खात्रीने म्हणवत नाही. साठाव्या वर्षी मान सैल असणे हा आजार नाही, आणि त्यासाठी कर्ज काढू नये हे माझे मत कायम आहे. पण आरशातला चेहरा आपला वाटत नाही, ही तक्रार खोटी नसते.

विद्यार्थिनीला मी फोनवर सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले, कानामागच्या काळ्या पडणाऱ्या कातडीचे दोनदा विचारले. मग म्हणाली, “सर, ते खर्र्याचं सांगितलं ना तुम्ही. आमच्या घरचे रोज चार खातात. आता पोळीसुद्धा बारीक करून द्यावी लागते.”

मी विचारले, तोंडात किती बोटे जातात? निरोगी माणसाच्या दातांमध्ये तीन बोटे उभी बसतात.

ती फोन ठेवून आत गेली. थोड्या वेळाने आली. “दीड,” म्हणाली.

मानेचा विषय तिथेच राहिला. सोमवारी त्यांना घेऊन आम्ही नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो.