नुसतं बटण तर दाबायचं असतंय!

हातकणंगले तालुक्यात कॅमेऱ्यावर पोट असलेल्या माणसाला लग्नाची ऑर्डर ठरवताना हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. दर सांगून झाला की वधूपक्षातले एखादे मामा सुपारी कातरत विचारतात, "दादा, नुसतं बटण तर दाबायचं असतंय. एवढं कशाचं घेतासा?"

बटण दाबायला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो, हे खरं. पण एका मोठ्या लग्नात तीनेक हजार वेळा ते दाबलं जातं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे रात्री घरी येताना कार्डांत ८० जीबीच्या आसपास माल असतो. तो झोपण्याआधी दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवावा लागतो. कार्ड बिघडलं म्हणून कोणी पुन्हा अक्षता टाकायला येत नाही. मग मिटलेले डोळे आणि तोंडात घास असलेले पाहुणे बाजूला काढायचे, रंग जुळवायचे, करिझ्मा अल्बमची १२ × ३६ इंची पानं लावायची. एवढं करून तेच मामा "आमचा फोटो एकच कसा?" म्हणून फोन करतात तो वेगळा. शिवाय बटण फुकट दाबलं जात नाही. मधल्या किमतीच्या कॅमेऱ्याचं शटर दीड-दोन लाख क्लिकपर्यंत टिकेल असं धरलेलं असतं. हिशेब केला तर पन्नास-साठ लग्नांत त्याची उमर झाली.

दुसरा गैरसमज उन्हाचा. "लख्ख ऊन पडलंय, फोटो झकास येणार!" नेमकं उलट. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर चालतं आणि हातकणंगले त्याच्या आठेक अंश पश्चिमेला. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमाराला. आता लग्नपत्रिका उघडा. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटं! त्यातून लग्नसराईचा कळस मे महिन्यात, आणि मेच्या पहिल्याच आठवड्यात कोल्हापूरच्या पट्ट्यात शून्य सावलीचा दिवस येतो; सूर्य अगदी टाळूवर. त्या उन्हात नवरीच्या भुवयांखाली काळे खड्डे पडतात, नाकाखाली मिशीसारखी सावली येते आणि मुंडावळ्यांचे पट्टे गालावर उमटतात. मांडवात शिरावं तर लाल-पिवळं कापड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं रंगवतं. मग फोटोग्राफर नवरा-नवरीला मंगल कार्यालयाच्या व्हरांड्यात ओढतो, जिथे समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड तोंडावर येतो. पाहुण्यांना वाटतं, हा उगाच ताटकळत ठेवतोय. जुन्या लोकांचा गोरज मुहूर्त मात्र आमच्यासाठी सोन्यासारखा. तिरपं, कोवळं ऊन आणि डोळ्यांत चमक. पंचांग करणाऱ्यांनी आमचा विचार केला नसेल, पण उपकार झाले खरे.

"निसर्गाचे फोटो काढायचे तर कास गाठा, नाहीतर काश्मीर. इथं काय, ऊस!" हे तर खुद्द फोटोग्राफरही बोलतात. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून कोल्हापुरात परतले आणि १९३१ मध्ये जाईपर्यंत रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ हेच रंगवत राहिले. त्यांना विषय कमी पडले नाहीत.

उसाची तक्रार मात्र अगदी खोटी नाही. पावसाळा सरता सरता ऊस माणसाच्या डोक्यावर जातो आणि क्षितिज गडप होतं. रस्त्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना हिरवी भिंत. तेव्हा आळत्याच्या रामलिंग डोंगरावर चढावं, नाहीतर कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर. तिथून तीच भिंत गालिचा होऊन पसरते. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की तोडलेल्या फडांतून रान मोकळं होत जातं, उरलेल्या उसाला तुरे येतात आणि उजेड मागून घेतला तर ते चांदीसारखे पेटतात. पाचट जाळू नये हे शंभरदा मान्य, पण संध्याकाळी त्या धुरातून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या उतरतात तेव्हा कॅमेरा खाली ठेववत नाही. थंडीत रुकडीजवळच्या पंचगंगेच्या रेल्वेपुलावर सकाळी धुकं असतं आणि मिरजेकडची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते.

या फोटोंना गिऱ्हाईक किती? जवळजवळ नाही. निसर्गचित्रं विकून तालुक्याच्या गावात घर चालत नाही, हे सरळ सांगितलेलं बरं. त्यांचा पैसा आडवाटेनं येतो. कुठल्या बांधावर किती वाजता कसलं ऊन येतं हे पाठ असलेल्या माणसाला प्री-वेडिंगची ऑर्डर मिळते.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेबद्दलही एक समज आहे, की तिथं डोळे झाकून क्लिक केलं तरी फोटो येतो. भंडाऱ्यानं आभाळ पिवळं होतं, धनगरी ढोल घुमतात, त्यामुळे लांबलांबचे फोटोग्राफर येतात. पण कॅमेऱ्याला एवढं पिवळं सोसत नाही. पांढऱ्याचा तोल 'ऑटो'वर ठेवला तर तो पिवळेपणा ही चूक समजून चित्रात निळं कालवतो आणि हळदीची माती करतो. म्हणून तोल उन्हावर बांधून ठेवायचा. हळदीची पूड मागेपुढे सरकणाऱ्या झूम लेन्सच्या सांध्यांतून आत जाते. म्हणून एकाच अंतराची लेन्स लावायची, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि काही झालं तरी गर्दीत लेन्स बदलायची नाही.

आणि आता सगळ्यात जुना समज: फोटो काढला की आयुष्य कमी होतं. आता कोणी तसं उघड म्हणत नाही, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "जरा उजेडात बसा, तुमचा एक चांगला फोटो काढू" म्हटलं की सून गडबडते, म्हातारा म्हणतो, "मला काय करायचाय? एवढ्यात घालवतोस काय?" तेवढ्यावर विषय मिटतो. मग एक दिवस पोरगा आधार कार्ड घेऊन येतो. त्यावरचा बोटाच्या पेराएवढा, करड्या छटेतला, थिजलेला चेहरा आणि मागणी १२ × १५ इंची फ्रेमची, उत्तरकार्याच्या आत. त्यात जे नाहीच ते आणायचं कुठून? हल्ली सॉफ्टवेअर भुवया, सुरकुत्या, ओठांच्या कडा मनानं भरतं. फोटो तयार होतो, चकचकीत होतो, आणि बघणारी म्हातारी बारीक आवाजात म्हणते, "हे आमचं न्हवं." त्यामुळे काही जण आता लग्नातच, जेवणावळीच्या धांदलीत, न सांगता घरातल्या वडीलधाऱ्यांचे एकेक सुटे चेहरे टिपून ठेवतात. या कामाचा ऑर्डरीत उल्लेख नसतो. माझ्या मते आमच्या धंद्यातलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच.

पासपोर्ट साइज फोटोंवर दुकान चालतं, हा समजही आता जुना झाला. आधारचा फोटो केंद्रावरच निघतो, पासपोर्टचाही बहुतेकांचा तिथल्या तिथंच. जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो, या समजाबद्दल एवढंच, की ४ × ६ इंची प्रिंटला दोनापेक्षा थोडे जास्त मेगापिक्सेल पुरतात; मोबाइलच्या जाहिरातीतला आकडा तिथं काही कामाचा नाही.

"स्वतंत्र फोटोग्राफर म्हणजे मनाचा राजा." राजा खरा, पण राज्य पंचांगाचं. चातुर्मासात लग्नं नाहीत, मग बारशी, डोहाळजेवणं, शाळेचे ग्रुप फोटो. गौतम राजाध्यक्षांनी नटनट्यांचे चेहरे टिपायला सुरुवात केली तेव्हा तेही लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरीला होते. जोडधंद्याची लाज बाळगायचं कारण नाही.

शेवटी भांडणाचा मुद्दा. चौकातल्या एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर आपण काढलेला फोटो दिसला, खाली आपलं नाव नाही, की फोटोग्राफर खवळतो: "फोटो माझा, कॉपीराइट माझा!" १९५७ चा कायदा सांगतो की काढणारा हा फोटोचा कर्ता. पण कुणी पैसे देऊन सांगितलं म्हणून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. तेव्हा नेत्याशी वाद घालण्याआधी करार काढून बघावा. आमच्याकडे तो बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'ओके, या' एवढाच निघतो.