परसातले अळू आणि कुंडीतले अळू



या पानावर आपण नेहमी बेणे, खोडवा आणि पाचट यांच्याच गोष्टी करतो. या खेपेला जरा घराकडे वळू. आपल्या कर्जत तालुक्यात कुकडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात काय किंवा सिद्धटेककडे भीमेच्या काठाला काय, उसाच्या पैशातून बऱ्याच सभासदांची नवी घरे झाली. घर झाले की पडवी आली आणि पडवी आली की कुंड्या आल्या. या कुंड्यांत मोठ्या, चकचकीत पानांचे एक झाड हल्ली फार दिसते. गट फिरताना विचारणाही होते, "साहेब, हे अळूच ना? वडी होईल का याची?"

याचे उत्तर स्पष्ट आहे. हे आपले खायचे अळू नव्हे आणि याची वडी करायची नाही. दोन्ही झाडे सुरणाच्या कुळातली, दिसायला सख्खे भाऊ, पण गुण वेगळे आणि गरजाही वेगळ्या. खाण्याच्या अळूला शास्त्रात कोलोकेशिया म्हणतात. शोभेच्या झाडाचे नाव अलोकेशिया. हे नावसुद्धा कोलोकेशिया या नावात थोडा फेरफार करूनच ठेवलेले आहे, इतके ते दोघे जवळचे! या अलोकेशियातली एक थोराड जात म्हणजे आपल्याकडचा कासाळू.

ओळखायचे कसे?

अळूचे पान उलटे करून पाहा. देठ पानाच्या काठाला लागलेला नसतो. ढालीला मूठ असावी तसा तो पानाच्या पाठीवर, काठापासून आत लागलेला असतो. पान मखमली, त्याचे टोक जमिनीकडे झुकलेले. पाण्याचा थेंब पडला तर मोत्यासारखा गडगडत खाली जातो.

कासाळूच्या थोराड पानाची खाच थेट देठापर्यंत जाते. पान जाड, तकतकीत, आणि टोक बहुधा वर आभाळाकडे. मात्र एक सावधगिरी ठेवा. अलोकेशियाच्या कित्येक लहान शोभिवंत जातींत देठ अळूसारखाच पाठीवर लागतो. तेव्हा नुसत्या पानावरून खात्री धरू नका. खरी ओळख बेण्याची. ज्या घरी वर्षानुवर्षे खाल्ले जाते त्या घरचे बेणे तेच खायचे. उसाचे बेणे आपण प्लॉट पाहिल्याशिवाय घेत नाही, मग ताटात यायच्या पानाचे तरी का घ्यावे?

पाणी आणि जागा

आपला तालुका अवर्षणप्रवण. आवर्तन लांबले की उसालाच पाणी पुरत नाही, तेथे बागेला कोठून आणायचे? या कसोटीवर दोघांची तुलना केली पाहिजे.

अळूला पाणी भरपूर लागते, पण ते स्वच्छच पाहिजे असा त्याचा हट्ट नाही. मुळांशी सतत ओल राहिली तरी ते कुजत नाही. म्हणूनच जुन्या माणसांनी अळू न्हाणीच्या मोरीपाशी लावले. जे पाणी नाहीतर दारात चिखल करणार, त्याचीच भाजी होते. दोन गोष्टी पाळाव्यात. कपड्याच्या पावडरीचे आणि संडासाचे पाणी तिकडे सोडू नये. आणि डबके साचू देऊ नये, नाहीतर अळवाबरोबर डासांचेही पीक येईल. पाणी चरातून पसरू द्यावे.

अलोकेशियाचा स्वभाव याच्या उलट. त्याला ओलावा हवा, पण साचलेले पाणी चालत नाही, मुळे कुजतात. कुंडीच्या तळाला भोके पाहिजेतच. बोट पेरभर आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पाणी थोडे लागते हा त्याचा फायदा. पण आपली एप्रिल-मेची झळ त्याला सोसत नाही. पानांच्या कडा करपतात, आणि कोरड्या हवेत लाल कोळी पानामागे जाळी धरतो. तेव्हा जागा पूर्वेच्या पडवीत, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी द्यावी. पानाची पाठ आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी. थंडीत पाने गळून झाड मेल्यासारखे दिसले तर लगेच फेकू नका. पाणी कमी करा. मातीतला कंद टणक असेल तर ऊब आल्यावर तो पुन्हा फुटतो.

माती, खत, लागण

अळूसाठी मोरीपाशी वाफा खणून कुजलेले शेणखत घाला आणि दीड-दीड फुटावर फुटवे लावा. वर पाचटाचे आच्छादन करा. जूनमध्ये लावलेल्या अळूची पाने दीड-दोन महिन्यांत तोडायला येतात, म्हणजे ऋषिपंचमीच्या भाजीला घरचेच अळू. बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही अशी रीत आहे. मोरीवरचे अळू त्या रीतीला सोळा आणे उतरते. बाहेरची पाने काढावीत, मधली दोन-तीन ठेवावीत.

कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा पुरे. कारखान्याची मळी वापरायची तर पूर्ण कुजलेलीच वापरा. ताजी मळी तापते आणि मुळे जाळते.

जमल्यास हिरव्या आणि काळ्या देठाचे, दोन्ही अळू लावावे. एकाच वाणावर विसंबणे बरे नाही, हे ऊसवाल्यांना सांगायला नको. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर अळूचा कंद हे रोजचे अन्न आणि निर्यातीचेही पीक. तेथे बहुतेक लागण एकाच आवडत्या वाणाची होती. १९९३ साली पानांवरचा करपा आला आणि पीक बसले, निर्यात कोसळली. पुढे निरनिराळ्या वाणांचा संकर करूनच तेथे अळू पुन्हा उभे राहिले.

खाज आणि धोका

आता सर्वांत महत्त्वाचे. दोन्ही झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तेच जिभेला आणि घशाला टोचतात. खायच्या अळूतही ते असतात, म्हणून ते कच्चे खायचे नाही. नीट शिजवायचे, चिंच घालायची. आपल्या मायबहिणींना हे सांगावे लागत नाही. अलोकेशियाचा त्रास मात्र फार जास्त. काही देशांत कासाळूचे खोड पुष्कळ शिजवून खातात, पण आपण त्या भानगडीत पडू नये.

ही कुंडी रांगत्या मुलाच्या आणि शेरडाच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका. पडवीत पाहुणे येतात, नवीन सून येते, कामाला बाई येते; कोणी चांगल्या मनाने चार पाने तोडून वडीला घेईल. म्हणून घरातल्या प्रत्येकाला झाड दाखवून सांगा. छाटताना चीक हाताला लागू देऊ नका, तो हात डोळ्याला तर नकोच. मुलाने पान चघळलेच तर तोंडातला चोथा काढा, चूळ भरायला लावा, गार पाणी किंवा दूध थोडे थोडे द्या. उलटी करवू नका. ओठ-जीभ सुजली, गिळायला किंवा श्वासाला त्रास वाटला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा. चघळलेले पान बरोबर न्या.

थोडक्यात, सांडपाणी असेल आणि घरची भाजी हवी असेल तर अळू लावा. सावलीची पडवी असेल, घरात लहान मूल नसेल आणि शोभा हवी असेल तर अलोकेशिया. दोन्हीची हौस असेल तर एक मोरीपाशी आणि एक पडवीत, अशी कायमची फारकत ठेवा. शेजारी शेजारी लावू नका. अळूचे बेणे हवे असेल तर आधी आपल्याच गावात विचारा. ज्या घरी आजीच्या हातची वडी खाल्ली, त्या घरी ते नक्की मिळेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी